चमच्याची मोजणी

मायक्रोवेव्हमध्ये चुकून चमचा ठेवणारे पुंजाजी हिवाळे हे बुलढाण्यातले पहिलेच गृहस्थ असतील, असं कोणी म्हणणार नाही. पण चमचा ठेवल्यावर त्याचा रीतसर पंचनामा लिहून काढणारे मात्र तेच पहिले असावेत. भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून काढलेला माणूस. शेताच्या बांधावर उभं राहून ज्यानं भावाभावांची डोकी शांत केली, त्याला एखादी घटना नुसती घडू देणं जमत नाही. तिची हद्द कायम करावी लागते.

मायक्रोवेव्ह त्यांनी मागितला नव्हता. तो पुण्याहून लेकीनं, मयुरीनं, पाठवला होता. त्याचं कारण असं की, नात झाली तेव्हा त्यांच्या पत्नी जनकाबाई तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेल्या, आणि त्या तीन महिन्यांना आता दहा महिने होत आले होते. मयुरीची नोकरी, जावयाची नोकरी, नातीला सांभाळायला मिळणाऱ्या बाया दर पंधरा दिवसांनी पळून जाणाऱ्या. सगळी कारणं खरी होती. त्यात खोट काढायला जागा नव्हती आणि हीच पुंजाजींची पंचाईत होती. संध्याकाळी जनकाबाईंचा फोन यायचा.

"जेवले का?"

"जेवलो."

"बरं हाये ना?"

"मले काय धाड भरली? तू तिकडचं पाह्य."

एवढ्यात तिकडे नात रडायची आणि फोन ठेवला जायचा. पुंजाजी त्यानंतरही थोडा वेळ फोन हातात धरून बसत, आणि मग आपण फोन हातात धरून बसलो आहोत हे लक्षात आलं की रागानं तो टीव्हीवर ठेवत.

डबा खानावळीतून यायचा. सकाळी अकराला आला की निम्मा दुपारी, निम्मा रात्री. एकदा बोलताबोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "भाजी थंडी होते, पन चालते." झालं. चौथ्या दिवशी दारात खोकं. थंड भाजीची तक्रार मशीननं मिटेल अशी नव्हती. पण तक्रार ज्या शब्दांत केली त्या शब्दांत तिचा निकाल लागतो, हे सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला कोणी सांगायला नको.

पुंजाजींनी माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कोरियन भाषेतलं पानसुद्धा त्यांनी उलटून नजरेखालून घातलं. यंत्र टेबलावर मांडलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. आतला दिवा लागायचा, ताटली फिरायची, आणि काम झालं की यंत्र तीनदा शिट्टी मारायचं. दार उघडलं नाही तर मिनिटाभरानं पुन्हा शिट्टी. त्या घरात दुसऱ्यांदा हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. पुंजाजी कधीकधी मुद्दाम दार उघडत नसत.

तर मंगळवारी दुपारी वरणाची वाटी आत गेली ती चमच्यासकट. दीड मिनिट यंत्र चाललं. शिट्टी झाली, दार उघडलं आणि वाटीतून वर डोकावणारा चमचा पाहून पुंजाजींच्या पायाखालची फरशी सरकली. माहितीपुस्तकाच्या पान सातवर धातू ठेवू नये असं ठळक अक्षरांत बजावलं होतं. पण वरण गरम, वाटी काचेची, चमचा शाबूत, यंत्र शाबूत. काहीच झालं नव्हतं.

दहा महिन्यांत पहिल्यांदाच पुंजाजींकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला.

"अवं, आज काय झालं मालूम हाये का? चमचा..."

"थांबा जरा, पोरीनं दूध ओकलं. मंग करते."

मग फोन आला नाही. आता एवढी मोठी बातमी पोटात ठेवून माणूस जेवणार कसा? पुंजाजी उठले आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी गेले. पलीकडे कडूबा वाघमोडे बाथरूमच्या कामासाठी आणलेल्या रेतीच्या ढिगावर पाणी मारत उभे होते. कडूबा म्हणजे नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर म्हणून राबून निवृत्त झालेला माणूस. कापसाच्या गंजीत आयुष्य गेल्यामुळे त्यांना जगात दोनच गोष्टी दिसत: एक म्हणजे ठिणगी, आणि दुसरी म्हणजे ठिणगी पडण्याची शक्यता.

"पुंजाजीभाऊ, वाचले तुमी," कडूबा म्हणाले. "लोखंड अन् करंट एका डब्यात? बाम्ब झाला असता घराचा. माह्या बाथरूमची भित बी गेली असती."

"पन झालं तर काहीच नाई ना!"

"आज नाई झालं."

तेवढ्यात आतून सोजराबाई, कडूबांच्या मंडळी, हात पुसत आल्या. त्यांचं म्हणणं, त्या यंत्रातलं अन्न खाल्लं की माणसाची हाडं आतून पोकळ होतात. त्यांच्या मावसबहिणीच्या विहीणबाईंची झाली. समोरच्या घरातल्या संजीवनी मॅडम शाळेतून येत होत्या, त्याही स्कूटर थांबवून ऐकायला लागल्या. त्या नववीला विज्ञान शिकवतात. त्यांनी हेल्मेट काढलं आणि वर्गात बोलावं तशा बोलल्या, "काका, धातूवरून लहरी परत फिरतात. टोकापाशी ठिणग्या उडतात. तुमचं नशीब समजा. या वयात असे प्रयोग नका करू."

"या वयात" हे दोन शब्द पुंजाजींना फार लागले. ठिणगीपेक्षा जास्त लागले. वरून "नशीब"! चौतीस वर्षं ज्यांनी साखळी टाकून, खुंट ठोकून एकेक गुंठा मोजला, त्यांच्या घरातली घटना नशिबावर जमा करायची?

"मॅडम," ते म्हणाले, "त्या मशीनच्या आतल्या भिती कायच्या हायेत? लोखंडाच्या. सोबत कंपनीनं एक जाळीचं स्टँड देलं, ते कायचं? लोखंडाचं. मंग एकट्या चमच्यानंच काऊन घोडं मारलं?"

मॅडमनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. त्या म्हणाल्या, पाहून सांगते. पुंजाजींनी हे "पाहून सांगते" कानात जपून ठेवलं आणि घरी येऊन कागद काढला.

दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या सहा घरांत एकेक चिठ्ठी पोचली. मोजणीच्या आधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते, ती लिहून लिहून पुंजाजींचा हात बसलेला होता. मजकूर असा होता: "लगतचे रहिवासी यांस कळविण्यात येते की, रविवार रोजी दुपारी चार वाजता हिवाळे यांचे राहते घरी स्टीलचा चमचा (लहान) याची मायक्रोवेव्हमध्ये समक्ष तपासणी करण्यात येणार आहे. तरी आपण हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल."

शनिवारी त्यांनी घर झाडलं. पडदे धुतले. बैठकीत दोनच खुर्च्या वापरात होत्या, त्यातलीही एक वर्तमानपत्रांनी भरलेली. बौद्धविहारातून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आठ खुर्च्या आणल्या. तिथल्या व्यवस्थापकांनी विचारलं, कार्यक्रम काय आहे? पुंजाजी म्हणाले, "घरगुती हाये." खुर्च्या मांडल्यावर ते दारात उभे राहून त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग एका खुर्चीवर बसून पाहिलं. मग दुसऱ्या.

रविवारी अकरा जण आले. कोणी घाबरून आलं, कोणी हसायला आलं, सोजराबाई तर तोंडाला पदर लावून दारातच उभ्या राहिल्या. कडूबांनी खबरदारी म्हणून रेतीचं घमेलं भरून उंबऱ्यापाशी ठेवलं. जिनिंगमध्ये तशीच पद्धत होती. संजीवनी मॅडमनी मोबाइल उभा धरला. "नववीच्या वर्गाला दाखवीन," म्हणाल्या. पुंजाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी चमचा सर्वांना फिरवून दाखवला, त्याची लांबी मोजपट्टीनं मोजून सांगितली, वाटीत पाणी ओतलं, चमचा बुडवला आणि बटण दाबलं.

दीड मिनिट कोणी श्वास घेतला नाही. शिट्टी झाली. चमचा शाबूत.

"वा, हिवाळे साहेब!" कोणीतरी टाळी वाजवली. कडूबांनीही, जरा नाखुशीनं, मान हलवली. पुंजाजींनी पंचनाम्यावर सह्या घेतल्या. आणि मग, जे कोणत्याही नोटिशीत लिहिलेलं नसतं, ते झालं. लोक उठायला लागले.

चारला सुरू झालेला कार्यक्रम चार वाजून बारा मिनिटांनी संपला होता. चार दिवसांची तयारी, धुतलेले पडदे, आठ खुर्च्या, आणि बारा मिनिटं. कोणी चप्पल शोधत होतं, कोणी बाजाराला जायचं म्हणत होतं. पुंजाजींना एकदम कळलं की हे सगळे आत्ता जातील, आणि उरलेला रविवार या पांढऱ्या खुर्च्यांबरोबर काढायचा आहे.

"थांबा हो, थांबा! च्या घेतल्याबिगर कोनी जायचं नाई," ते जवळजवळ ओरडलेच. "याच मशीनवर करतो. दोन मिन्टाचं काम."

लोक पुन्हा बसले. पुंजाजी आत धावले. चहा त्यांनी गॅसवर सकाळीच उकळून ठेवला होता, फक्त गरम करायचा होता. रोजच्या वापरात कप एकच. म्हणून शोकेसमधला सेट काढला. तो त्यांना निवृत्तीच्या दिवशी कार्यालयानं दिला होता. पांढरेशुभ्र कप, काठाला सोनेरी रेघ. सहा वर्षांत त्यातून कोणी चहा प्यायलं नव्हतं. चार कप भरले, बाहेर आणून दाटीवाटीनं यंत्रात ठेवले. चमचा नीट आठवणीनं बाहेर काढून ठेवला. चमच्याबद्दल आता ते फार दक्ष झाले होते. कपाच्या काठावरची सोनेरी रेघ हासुद्धा धातूच असतो, हे मात्र त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. कप तो कप.

बटण दाबलं मात्र, आत दिवाळी सुरू झाली. चारी कपांच्या काठावरून निळ्यापांढऱ्या ठिणग्या गोल गोल पळायला लागल्या, कडकड आवाज झाला, आणि उजवीकडच्या भिंतीवर एक लाल ठिपका पेटून त्यातून धूर निघाला. सोजराबाई किंचाळल्या. पुंजाजी दचकून मागे सरकले, मग बटणाकडे झेपावले, पण मधे खुर्ची आली. कुणीतरी मेन स्विच पाडला. यंत्र गप्प झालं, दिवा विझला, म्हणजे खरं तर सगळं तिथंच संपलं होतं. पण कडूबांना ते कोण सांगणार? तीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आज समोर उभा होता. "सरका बे सगळे!" अशी आरोळी ठोकून त्यांनी यंत्राचं दार उघडलं आणि अख्खं घमेलं आत रिकामं केलं.

रेती यंत्रात, रेती चहात, रेती इस्त्रीच्या शर्टात. संजीवनी मॅडमचा मोबाइल हे सगळं शांतपणे टिपत होता.

पुढच्या पाच मिनिटांत घर रिकामं झालं. जाताना प्रत्येकानं काहीतरी सांगितलं. कोणी धूर पोटात गेला असेल, दही खा म्हणालं, कोणी लेकीला कळवू नका म्हणालं. पुंजाजींनी केरसुणी घेतली. रेती झाडता झाडता अंधार पडला. एका कपाच्या काठावर सोन्याच्या जागी काळी रेघ उमटली होती. त्यांनी कप धुऊन पुसून परत शोकेसमध्ये ठेवले, खुर्च्या एकात एक घातल्या, आणि त्या रात्री थंड भाजी खाल्ली.

सोमवारी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन. तिकडून एक मुलगी फार गोड बोलली.

"सर, बुलढाणा म्हणजे पुण्याच्या जवळ का?"

"नाई मॅडम. पुन्यापासून लई दूर. तेच तर सांगून राह्यलो."

"बरं. आत काही मेटल ठेवलं होतं का सर?"

"चमचा ठेवला होता. पन चमच्यानं काही झालं नाई, त्याचा पंचनामा हाये. कपाच्या सोनेरी रेघेनं झालं."

"आणि मशीन आता चालू होत नाही?"

"ताटली फिरत नाई. खाली रेती हाये."

"रेती कुठून आली सर?"

"शेजारून."

तक्रारीला एक नऊ आकडी क्रमांक मिळाला. दोन दिवसांनी मोबाइलवर निरोप आला की ग्राहक घरी नसल्यामुळे तक्रार बंद करण्यात आली आहे. पुंजाजी दहा महिन्यांत घर सोडून गेले नव्हते. त्यांनी पुन्हा फोन केला, पुन्हा क्रमांक, पुन्हा रेतीचा खुलासा. शेवटी नवव्या दिवशी अकोल्याहून एक मेकॅनिक आला. किसनराव नाव, पन्नाशीचा, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यानं यंत्र उपडं केलं, रेती झटकली, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं.

"आतल्या भितीवरचा अभ्रकाचा पत्रा जळला साहेब, अन् खालची मोटार गेली. पाहा, तुमचा चमचा जाड, गुळगुळीत, अन् पान्यात बुडालेला. म्हनून निभावलं. कंपनीची जाळी भितीले लागू नये अशी बनवलेली असते. पन ही सोन्याची रेघ कागदापेक्षा पातळ. तिच्यात करंट मावत नाई, मंग उड्या मारते. भांड्याच्या काठाची रेघ, चॉकलेटचा कागद, काटे असलेला चमचा, हे कवाच ठेवू नका. साधा चमचा बी ठेवू नका. एकडाव निभावलं म्हंजे दरडाव निभावते असं नाई."

पुंजाजींनी हे सगळं लिहून घेतलं. इतकं सरळ उत्तर त्यांना पंधरा दिवसांत कोणी दिलं नव्हतं.

मग किसनरावानं आवाज उतरवला. "साहेब, कारनाच्या रकान्यात व्होल्टेज जास्त आलं असं लिहितो. वॉरंटीत बसून जाईल."

"व्होल्टेज कुठं जास्त आलं?"

"नाई आलं. पन लिहितो."

"मंग नका लिहू," पुंजाजी म्हणाले. "चौतीस वर्षांत मी हातभर हद्द सरकवली नाई. आता चार कपासाठी सरकवू?"

किसनरावानं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि खरं तेच लिहिलं. यंत्र गाडीत टाकून तो निघाला. पुंजाजींनी त्याला चहाचा आग्रह केला. त्याला चिखलीचं काम होतं, तो थांबला नाही. टेबलावर यंत्राच्या जागी धुळीचा चौकोन राहिला.

त्याच दिवशी संध्याकाळी फोन वाजला. रोजच्या वेळेच्या आधी.

"अवो, हे काय पाहून राह्यली मी?" जनकाबाईंचा आवाज चढलेला होता. संजीवनी मॅडमनी नववीला पाठवलेली चित्रफीत वर्गातून पालकांकडे, पालकांतून पाहुण्यांकडे अशी फिरत फिरत पुण्याला मयुरीच्या मोबाइलवर पोचली होती. "घर पेटवता का काय? रेती कोनं टाकली? कडूबाभाऊ व्हय? त्याहीले अक्कल नाई, तुमाले बी नाई? अन् माहे पडदे कायले धुतले? ते रंग सोडतात, तुमाले सांगतलं व्हतं!"

पुंजाजी ऐकत राहिले. जनकाबाई पंधरा मिनिटं बोलल्या. चमच्यावरून कपांवर आल्या, कपांवरून पडद्यांवर, तिथून त्यांच्या बीपीच्या गोळ्यांवर. मध्ये नात रडली, तर त्या म्हणाल्या, "मयुरे, घे वं तिले," आणि फोन ठेवला नाही. दहा महिन्यांत इतकं लांब बोलणं झालं नव्हतं. पुंजाजींनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्यांना भीती वाटत होती की आपण बोललो तर हे संपेल.

शेवटी जनकाबाई दमल्या. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "पन एक सांगा. चमच्यानं काही झालं नाई, तर गुमान वरन खायचं. एवढे मानसं कायले बोलावले?"

उत्तरं तयार होती. शास्त्रीय तपासणी, संजीवनी मॅडमचा गैरसमज, लोकजागृती. पुंजाजींनी तोंड उघडलं आणि त्यातलं एकही आलं नाही.

"घरात कोनी येत नाई," ते म्हणाले. "मले वाटलं, या निमित्तानं येतील. बसतील घडीभर."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"च्या बी त्याच्यासाठीच ठेवला होता," पुंजाजी पुढं म्हणाले. आता निघालंच होतं तर सगळं निघू दे. "उठून जाऊन राह्यले होते सगळे."

"अवो," जनकाबाई म्हणाल्या. मग नाक ओढल्याचा आवाज. "मी रोज इचारत होती ना, बरं हाये ना म्हनून?"

"हाव."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"तुले तिकडं काम होतं."

मागे मयुरी काहीतरी विचारत होती, आणि जनकाबाई फोनवर हात ठेवून तिच्याशी बोलत होत्या. शब्द कळत नव्हते. मग त्या फोनवर परत आल्या. "पोरगी आठ दिवस सुट्टी काढते म्हन्ते. येऊ का मी?"

नको, कायले तकलीफ घेतं, मी ठीक हाये: ही तीन वाक्यं दहा महिने पुंजाजींच्या जिभेच्या वळणी पडलेली होती. त्यांनी ती गिळली.

"ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून ते बसस्टँडवर गेले. गाडीची वेळ फोनवर कळली असती, पण ते चालत गेले. चौकशीच्या खिडकीपुढं त्यांच्याआधी सहा माणसं होती. पुंजाजी निमूट रांगेत उभे राहिले, पुढच्या माणसाशी उन्हावर दोन शब्द बोलले. नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी वर न पाहताच विचारलं, "कुठं जायचं?"

"जायचं नाई कुठं," पुंजाजी म्हणाले. "पुन्याहून येनारीचं विचारून राह्यलो."